शासकीय कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता आणि व्यावसायिक निष्ठा : महाराष्ट्रातील विलंबप्रतिबंध व सेवाहक्कविषयक कायद्यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : कार्यक्षमता, व्यावसायिक निष्ठा, कार्यस्थिती, बदली, विलंब, अभिलेख व्यवस्थापन, लोकसेवा हक्क.

प्रस्तावना :

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी समाजाने शासकीय कार्यालयाच्या अनुभवातून घडविली आहे. या म्हणीत विलंबाची तक्रार आहे. पण विलंब कोणामुळे होतो, याविषयी ती काही सांगत नाही. लोकव्यवहारात मात्र तिचा अर्थ नेहमी एकाच बाजूने लावला जातो. कर्मचारी आळशी आहे, उद्धट आहे किंवा पैशाची अपेक्षा धरून बसला आहे, म्हणून काम होत नाही, असा तो अर्थ होय. त्यामुळे प्रशासन सुधारण्याचा विचार प्रामुख्याने कर्मचाऱ्याला सुधारण्याचा विचार ठरतो. त्याला प्रशिक्षण द्यावे, त्याच्यावर मुदतीचे बंधन घालावे आणि मुदत चुकल्यास त्याला शिक्षा करावी, असे उपाय ओघानेच पुढे येतात.

महाराष्ट्रात २००५ नंतर या दिशेने महत्त्वाचे कायदे झाले. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम, केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे त्यांपैकी तीन होत. या कायद्यांनी नागरिकाच्या हाती काही साधने दिली, हे निर्विवाद आहे. तथापि हे तिन्ही कायदे एकत्र वाचले असता त्यांत एक समान उणीव आढळते. कर्मचाऱ्याच्या कर्तव्याला या कायद्यांनी दंडाची किंवा शिस्तभंगाची जोड दिली. परंतु ज्या कार्यस्थितीत ते कर्तव्य पार पाडावयाचे, ती निर्माण करण्याच्या कार्यालयाच्या व शासनाच्या कर्तव्याला तशी जोड दिली नाही. ही विषमता स्पष्ट करणे आणि तिचा कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक निष्ठेवर काय परिणाम होतो, याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

‘कार्यक्षमता’ आणि ‘व्यावसायिक निष्ठा’ या दोन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. त्यांच्यात फरक करणे आवश्यक आहे. ठरलेले काम ठरलेल्या वेळेत व योग्य रीतीने पूर्ण होणे म्हणजे कार्यक्षमता. ती मोजता येते. व्यावसायिक निष्ठा ही त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे. आपल्या कामाचे ज्ञान अद्ययावत ठेवणे, समोरची व्यक्ती कोण आहे हे न पाहता नियम सारख्याच पद्धतीने लावणे, वरिष्ठाच्या तोंडी दबावापुढे आपले लेखी मत न बदलणे आणि चूक झाल्यास ती कागदावर आणणे, या सर्व गोष्टी तिच्यात येतात. कार्यक्षमता एखाद्या मोहिमेत, वरिष्ठाच्या धाकाने काही आठवड्यांपुरती वाढविता येते. व्यावसायिक निष्ठा मात्र धाकाने निर्माण होत नाही. ती सवयीतून घडते, आणि सवय घडण्यासाठी परिस्थितीत सातत्य असावे लागते.

नोकरशाहीचा शास्त्रीय विचार मांडणाऱ्या मॅक्स वेबर यांना याची जाणीव होती. त्यांचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आदर्श नोकरशाहीची लक्षणे सांगताना त्यांनी निश्चित अधिकारक्षेत्र, श्रेणीबद्ध रचना, लेखी दस्तऐवज, नियमांचे पालन आणि विशेष प्रशिक्षण यांचा उल्लेख केला. ही कर्मचाऱ्याकडून असलेल्या अपेक्षांची बाजू झाली. त्याचबरोबर निश्चित वेतन, पदाची सुरक्षितता आणि मनमानी पदच्युतीपासून संरक्षण यांनाही त्यांनी त्याच विवेचनात स्थान दिले. निःपक्षपातीपणाची मागणी आणि सुरक्षिततेची हमी या दोन्ही बाबी वेबर यांच्या मांडणीत परस्परावलंबी आहेत. आपल्याकडील चर्चेत त्यांपैकी पहिली बाब मागे राहिलेली नाही. दुसरीची चर्चा मात्र कर्मचारी संघटनांच्या मागण्यांपुरती सीमित राहते.

प्रेरणेच्या अभ्यासात फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेले द्विघटक प्रतिमान आजही अभ्यासक्रमांत शिकविले जाते. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर ते आधारलेले आहे. वेतन, पर्यवेक्षण, कार्यालयीन धोरण व भौतिक परिस्थिती हे घटक पुरेसे नसतील तर असमाधान निर्माण होते. परंतु ते पुरेसे असल्यामुळे कामाची ओढ आपोआप निर्माण होत नाही. ती कामगिरीची जाणीव, तिची दखल, जबाबदारी आणि प्रगती यांतून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खाजगी उद्योगातील पांढरपेशा नोकरांवरून काढलेला हा निष्कर्ष तलाठ्याला किंवा पोलीस शिपायाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. तरीही त्यातून एक उपयुक्त इशारा मिळतो. वेतन आयोगांच्या शिफारशींनुसार वेतन वाढले म्हणजे कार्यक्षमता वाढेल ही अपेक्षा जितकी अपुरी आहे, तितकीच ‘एवढा पगार घेतात, मग काम का करीत नाहीत’ ही तक्रारही अपुरी आहे.

शासकीय सेवेच्या दृष्टीने अधिक नेमकी मांडणी मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये केली. शिक्षक, पोलीस, समाजकल्याण कर्मचारी अशा थेट नागरिकांसमोर उभ्या असणाऱ्या कर्मचाऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या मते या कर्मचाऱ्यांजवळ साधने कायमच अपुरी असतात. सेवा सुधारली की मागणीही वाढते. आणि उद्दिष्टे संदिग्ध किंवा परस्परविरोधी असतात. अशा स्थितीत कर्मचारी काम निभावण्याच्या काही युक्त्या शोधून काढतो. तो रांग लावतो, सोपी प्रकरणे आधी निकालात काढतो, अर्जदाराला एखादा कागद कमी असल्याचे सांगून परत पाठवितो. कालांतराने या युक्त्याच प्रत्यक्षातील शासकीय धोरण बनतात. लिप्स्कींची ही मांडणी कर्मचाऱ्याला निर्दोष ठरवीत नाही. त्याचे वर्तन कोणत्या परिस्थितीत आकाराला येते, तेवढेच ती दाखविते.

२००५ चा अधिनियम : एकाच कायद्याच्या दोन बाजू

महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम हा या दृष्टीने अत्यंत उद्बोधक दस्तऐवज आहे. तो १ जुलै २००६ पासून अंमलात आला. त्याच्या नावातच दोन विषय जोडलेले आहेत : बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध. कर्मचारी एका जागी पुरेसा काळ टिकला तरच त्याच्याकडून वेळेत कामाची अपेक्षा करता येईल, हे तत्त्व या जोडणीत अनुस्यूत आहे. या दूरदृष्टीबद्दल कायदेमंडळाला श्रेय दिले पाहिजे.

पहिल्या भागानुसार एका पदावरील सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. तो पूर्ण होण्यापूर्वी सामान्यतः बदली करता येत नाही, आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या आहेत. दुसऱ्या भागानुसार कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. तातडीच्या नस्तीसाठी चार दिवस आणि अतितातडीच्या नस्तीसाठी तोच दिवस किंवा दुसऱ्या दिवशीची सकाळ अशी अपेक्षा आहे. अन्य विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणात पंचेचाळीस दिवसांत, तर तशी गरज असलेल्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावयास हवा. कर्तव्यात हेतुपुरस्सर विलंब किंवा दुर्लक्ष करणारा कर्मचारी शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो.

दोन्ही भागांतील अपवादांची तुलना केली असता कायद्याचा कल लक्षात येतो. पदावधीच्या नियमाला कलम चारमध्येच अपवाद आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने लेखी कारणे नोंदवून आणि पुढील वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेऊन, विशेष प्रकरणी मुदतपूर्व बदली करावी, अशी मुभा त्यात दिलेली आहे. असा अपवाद असणे गैर नाही. प्रशासनाला लवचीकता लागतेच. प्रश्न त्या अपवादाच्या परिणामाचा आहे. चुकीच्या मुदतपूर्व बदलीविरुद्ध कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो, आणि पुरेशी कारणे न नोंदविलेले आदेश तेथे रद्दही झालेले आहेत. परंतु आदेश रद्द झाला तरी तो काढणाऱ्या प्राधिकाऱ्यावर या अधिनियमाने कोणतीही शिक्षा ठेवलेली नाही. याउलट सात दिवसांची मर्यादा हेतुपुरस्सर ओलांडणाऱ्या लिपिकाला शिस्तभंगाची कारवाई लागू होते. स्थैर्य देण्याचे कर्तव्य वरिष्ठांचे आणि वेळेत काम करण्याचे कर्तव्य कनिष्ठांचे असताना, परिणामांची तरतूद दुसऱ्या कर्तव्यालाच तेवढी जोडलेली आहे.

मुदतपूर्व बदलीचा परिणाम संबंधित व्यक्तीच्या गैरसोयीपुरता मर्यादित नसतो. नव्या जागी आलेल्या कर्मचाऱ्याला दप्तर समजून घेण्यास काही महिने लागतात. कोणत्या गावाची कोणती मोजणी वादात आहे, कोणत्या प्रकरणात न्यायालयाची स्थगिती आहे, कोणत्या संचिकेचा कोणता भाग गहाळ आहे, ही माहिती पदभार यादीत पूर्णपणे उतरत नाही. त्याहून गंभीर परिणाम निष्ठेवर होतो. लेखी मत प्रतिकूल दिल्यास बदली होऊ शकते, ही शक्यता कार्यालयात सर्वांना ठाऊक असेल, तर टिप्पणी लिहिणारा हात आपोआप सावध होतो. ‘आदेशार्थ सादर’ एवढेच लिहून निर्णय वर ढकलणे हा मग भित्रेपणा राहत नाही. ती शहाणपणाची रीत ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी दिलेला निर्णय याच दुखण्यावर होता. सनदी सेवा मंडळे स्थापन करणे, किमान पदावधी निश्चित करणे आणि तोंडी आदेश लेखी नोंदविणे, असे निर्देश न्यायालयाने दिले. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्ग नियमांत किमान दोन वर्षांच्या पदावधीची तरतूद झाली. तोंडी आदेशाविषयीचा निर्देश व्यावसायिक निष्ठेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी कनिष्ठाने वरिष्ठाचा तोंडी आदेश त्याच्यासमोरच कागदावर आणावयाचा असतो. ज्याचा पदावधी सुरक्षित नाही आणि ज्याचे कार्यमूल्यमापन त्याच वरिष्ठाच्या हाती आहे, त्याला हे साधणे कठीण आहे.

माहिती अधिकार आणि अभिलेखांची स्थिती :

माहितीचा अधिकार अधिनियमातही हीच रचना दिसते. या अधिनियमाचे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणावर, म्हणजे कार्यालयावर, कर्तव्य सोपविते. सर्व अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित करून ठेवावेत आणि शक्य तितकी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे ते कर्तव्य आहे. कलम २० मात्र जन माहिती अधिकाऱ्यावर दररोज २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद करते. अभिलेख सुस्थितीत ठेवण्याचे कार्यालयाचे कर्तव्य पार पडले नाही तर या कलमानुसार दंड नाही. त्या अव्यवस्थित अभिलेखातून तीस दिवसांत कागद शोधून न देणाऱ्या व्यक्तीला मात्र दंड आहे. दंडापूर्वी बाजू मांडण्याची संधी मिळते, हे खरे. तरीही मूळ दोष संस्थेचा आणि उत्तरदायित्व व्यक्तीचे, ही स्थिती त्यामुळे बदलत नाही.

अभिलेखांची व्यवस्था आणि कार्यक्षमता यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात केलेली पुनर्रचना ‘लखिना पॅटर्न’ या नावाने देशभर ओळखली गेली. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण, मुदत संपलेल्या कागदांचे निर्मूलन, कर्मचाऱ्यांच्या बैठकव्यवस्थेची पुनर्मांडणी आणि टेबलावरील कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी, हे तिचे प्रमुख भाग होते. कार्यवाहीची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे. पुढे २०१७-१८ च्या सुमारास पुणे विभागात चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’ या नावाने राबविलेल्या उपक्रमातही अभिलेख लावण्यावर आणि दैनंदिन निपटाऱ्यावर भर होता.

या दोन्ही प्रयोगांत कर्मचारी बदलले नव्हते. त्यांच्या भोवतीची व्यवस्था बदलली होती. आळशी समजला जाणारा तोच कारकून, कागद दोन मिनिटांत हाती येऊ लागल्यावर अधिक काम करू शकतो, हे या प्रयोगांचे खरे तात्पर्य आहे. मात्र या सुधारणा एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाव्यात, यातच त्यांची मर्यादाही दडलेली आहे. सुव्यवस्थित दप्तर हे कार्यालयाचे नित्यकर्म न ठरता एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याचा पराक्रम ठरते. आणि पराक्रम करणाऱ्याचीही बदली होते.

सेवाहक्काची मुदत आणि कामाचा भार :

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिले आणि त्यानंतर आयोग अशी त्याची रचना आहे. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय सेवा न दिल्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. ‘पुरेसे व वाजवी कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रिक्त पदे किंवा अतिरिक्त कार्यभार ही अशी कारणे मानता येतील, एवढी जागा कायद्याने ठेवली आहे. तथापि ते कारण मान्य झाले तर अधिकाऱ्याची शास्ती टळते, इतकेच. पद रिक्त का राहिले, हे विचारण्याची जबाबदारी त्या निर्णयातून कोणावरही येत नाही. नागरिकाला सेवा उशिरा मिळते, अधिकारी निर्दोष ठरतो आणि रिक्त पद रिक्तच राहते.

तलाठ्याचे (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे पदनाम झालेल्या कर्मचाऱ्याचे) उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गाव नमुने अद्ययावत ठेवणे हे त्याचे मूळ काम. फेरफाराची नोंद घेणे, हितसंबंधितांना नोटीस देणे, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत पाहणे आणि नंतर नोंद मंडळ अधिकाऱ्यापुढे प्रमाणित होण्यासाठी ठेवणे, ही कायदेशीर जोखमीची कामे आहेत. एका चुकीच्या नोंदीने कुटुंब दहा वर्षे न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकू शकते. या मूळ कामाच्या जोडीला निवडणुका, अतिवृष्टीचे पंचनामे, विविध योजनांच्या याद्या व दाखल्यांसाठीचे अहवाल येतात. आणि शेजारच्या सजाचे पद रिक्त असल्यास त्याचा अतिरिक्त कार्यभारही येतो. शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे बंधन बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. ते कितपत पाळले जाते हा प्रश्न वेगळा. पण कामाला सीमा असावी हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य केले. महसूल कर्मचाऱ्यासाठी अशी सीमारेषा नाही.

२०२४ च्या जूनअखेरीस अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा याचा प्रत्यय आला. उत्पन्नाच्या व अधिवासाच्या दाखल्यांसाठी तहसील व तलाठी कार्यालयांत एकाएकी गर्दी उसळली. ती ओसरण्यास कारणीभूत ठरले ते कागदपत्रांच्या अटी शिथिल करण्याचे आणि अर्जाची मुदत वाढविण्याचे निर्णय. हे दोन्ही निर्णय मंत्रालयात झाले; खिडकीवरील कर्मचाऱ्याच्या हाती त्यांपैकी एकही नव्हता. विलंबाचे कारण आणि विलंबाचा उपाय ही दोन्ही कर्मचाऱ्याच्या कक्षेबाहेर असू शकतात, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

काम करण्यास माणसे मिळत नाहीत, असेही म्हणता येत नाही. २०२३ मधील तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. तुटवडा इच्छुकांचा नाही. पदे वेळेवर भरण्याच्या शिस्तीचा आहे. नस्तीसाठी सात दिवसांची मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थेने रिक्त पद भरण्यासाठी स्वतःवर मात्र अशी दंडयुक्त मर्यादा घालून घेतलेली नाही.

कामाच्या तासांचा प्रश्नही याच वर्गातील आहे. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ काम करण्याची रीत पोलीस दलात इतकी रुळलेली होती की, ती बदलता येईल असे कोणाला वाटत नव्हते. आहे त्या मनुष्यबळात पाळ्यांची फेरमांडणी कशी करता येईल, याचा आराखडा त्याच ठाण्यातील एका शिपायाने तयार केला आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो स्वीकारून प्रयोगास चालना दिली. कार्यस्थितीविषयीचे ज्ञान श्रेणीच्या तळाशी असते आणि ती बदलण्याचा अधिकार शिखराशी असतो. त्या दोहोंची भेट झाली तर काय साधते, हे या घटनेने दाखविले. अशी भेट घडावी यासाठी आपल्या कार्यालयांत कोणती नियमित यंत्रणा आहे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच ठळक होतो.

मूल्यमापन आणि दखल :

व्यावसायिक निष्ठा टिकण्यासाठी चांगल्या कामाची नोंद होणे आवश्यक असते. गोपनीय अहवालाच्या जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याला प्रतिकूल शेरेच तेवढे कळविले जात. देव दत्त विरुद्ध भारत सरकार (२००८) या प्रकरणात ‘चांगला’ हा शेरा कळविला गेला नव्हता. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा निकष असल्याने तोच शेरा घातक ठरला. प्रत्येक शेरा कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ठरविले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही २००८ च्या आपल्या दहाव्या अहवालात मनुष्यबळ प्रशासनाच्या अंगाने कामगिरी व्यवस्थापनाचा विचार केला. तेव्हापासून मूल्यमापनाची गोपनीयता कमी झाली, ही निश्चितच प्रगती आहे.

परंतु मूल्यमापनाचा विषय अजूनही एकटी व्यक्तीच आहे. स्वयंमूल्यमापनात अडचणी नोंदविता येतात. त्या नोंदीला उत्तर देणे मात्र कोणावरही बंधनकारक नसते. तीन सजांचा भार वाहणारा आणि एकाच सजाचे काम करणारा, असे दोन कर्मचारी एकाच मोजपट्टीने मोजले गेले तर मूल्यमापन पारदर्शक असूनही अन्याय्य ठरते. २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ कार्यक्रमाविषयीही हाच आक्षेप घेता येतो. नियमाकडून भूमिकेकडे जाण्याचा त्याचा विचार स्वागतार्ह आहे. तथापि क्षमता ही केवळ व्यक्तीत साठविता येणारी वस्तू मानली, तर शिकून आलेला कर्मचारी परत त्याच विस्कळीत दप्तरासमोर बसतो आणि शिकलेले सर्व तेथेच विरते.

संभाव्य आक्षेप :

या विवेचनावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. कार्यस्थितीचे कारण पुढे केले तर कामचुकारांना आयतीच सबब मिळेल, आणि एकाच कार्यालयात एक कर्मचारी तत्पर तर दुसरा टाळाटाळ करणारा असतो, त्याचे स्पष्टीकरण कार्यस्थितीने होत नाही, असा तो आक्षेप होय. भ्रष्टाचाराच्या बाबतीत तर परिस्थितीचा आधार घेणे अनेकांना अनैतिक वाटेल. या आक्षेपात तथ्य आहे. लाच मागणाऱ्याची जबाबदारी त्याची स्वतःचीच असते आणि व्यक्तिगत उत्तरदायित्व काढून टाकावे, असे येथे कोठेही सुचविलेले नाही.

तथापि या आक्षेपाचा नीट विचार केला तर तो उलट दिशेने नेतो. सबब तेथेच चालते, जेथे ती खोटी आहे हे सिद्ध करता येत नाही. अभिलेख अस्ताव्यस्त असतील तर ‘संचिका सापडत नाही’ हे वाक्य प्रामाणिक कर्मचाऱ्याचे आणि लबाड कर्मचाऱ्याचे सारखेच ऐकू येते. पदे रिक्त असतील तर ‘कार्यभार जास्त आहे’ हे दोघेही म्हणू शकतात. विस्कळीत कार्यस्थिती कामचुकाराला लपण्यास जागा देते आणि तत्पर कर्मचाऱ्याच्या माथी दोघांचे काम मारते. काही वर्षांनी तत्पर कर्मचाऱ्यालाही उमगते की, अधिक काम करण्याचे फळ म्हणजे अधिक काम. त्याची निष्ठा ज्या क्षणी ओसरते, त्या क्षणाची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. त्यामुळे उत्तरदायित्व कठोर करावयाचे असेल, तर कार्यस्थिती आधी सुव्यवस्थित केली पाहिजे. तसे झाल्यावरच दोष कोणाचा, हे न्यायाने ठरविता येते.

कार्यालयाला उत्तरदायी धरणारा कायदा अशक्य आहे, असेही नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने छळ करणाऱ्या व्यक्तीविरुद्ध कारवाईची तरतूद केली. त्याचबरोबर सुरक्षित वातावरण देण्याचे व अंतर्गत समिती स्थापन करण्याचे कर्तव्य नियोक्त्यावर टाकले. समिती स्थापन न केल्यास नियोक्त्यालाच ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शासकीय कार्यालयेही त्यातून वगळलेली नाहीत. या कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा असतील. परंतु व्यक्तीचा दोष आणि कार्यस्थळाचा दोष वेगळे ओळखून दोहोंवर परिणामांची तरतूद करता येते, हे त्याने सिद्ध केले आहे.

समारोप :

वरील चिकित्सेतून काही गोष्टी निष्पन्न होतात. शासकीय कर्मचाऱ्याची कार्यक्षमता पदाचे स्थैर्य, अभिलेखांची सुव्यवस्था, कामाच्या भाराची सीमा आणि न्याय्य मूल्यमापन या चार घटकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हे चारही घटक कर्मचाऱ्याच्या नव्हे, तर शासनाच्या व कार्यालयप्रमुखांच्या हाती असतात. महाराष्ट्रात लागू असलेल्या विलंब, माहिती व सेवाहक्कविषयक कायद्यांनी मात्र परिणामांचा भार प्रामुख्याने श्रेणीच्या खालच्या टोकावर टाकलेला आहे.

यासाठी संपूर्ण नवा कायदा हवाच, असे नाही. लोकसेवा हक्काच्या अपिलात ‘पुरेसे व वाजवी कारण’ म्हणून रिक्त पद किंवा अतिरिक्त कार्यभार मान्य झाल्यास तो निर्णय पद भरण्याचा अधिकार असलेल्या प्राधिकाऱ्याकडे पाठवून त्याचा खुलासा मागविणे. मुदतपूर्व बदल्यांची संख्या व कारणे प्रत्येक विभागाने दरवर्षी प्रसिद्ध करणे. अतिरिक्त कार्यभाराला कालमर्यादा ठेवणे. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार अभिलेखांची वार्षिक तपासणी करून तिचा शेरा कार्यालयप्रमुखाच्या मूल्यमापनात समाविष्ट करणे. आणि स्वयंमूल्यमापनात नोंदविलेल्या अडचणींना लेखी उत्तर देणे, एवढ्या उपायांनी सुरुवात करता येईल. यांपैकी बहुतेक उपाय शासन निर्णयाद्वारे होऊ शकतात.

नागरिकाला विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे आणि तो कमी करण्याचे कोणतेही कारण नाही. परंतु त्या हक्काचे ऋणको शासन आहे; खिडकीमागे बसलेली व्यक्ती ते ऋण शासनाच्या वतीने फेडत असते. फेडीची साधने न देता फेड चुकल्याबद्दल त्या व्यक्तीलाच दंड केला, तर शास्तीचा आदेश निघतो, नागरिकाचा दाखला मात्र निघत नाही. प्रशासन सुधारणेच्या पुढील टप्प्यात कायद्यांचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे.